मोसंबीची बाग आणि अण्णांचं सरकार

आमच्या घरात सरकारचा विषय निघाला की भाकरी गार व्हायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, ताटावर बसल्या बसल्या सरकार छोटं करायला घ्यायचे. चोर पकडा, सीमेवर सैन्य ठेवा, कोर्टकचेऱ्या नीट चालवा आणि बाकी वेळ गप्प बसा, एवढंच त्यांचं सरकारकडं मागणं होतं. कांद्याला जरा भाव आला की निर्यात बंद करणारं सरकार त्यांना नको होतं, आणि दुष्काळात खडी फोडायला लावून वर उपकार सांगणारं सरकारही नको होतं. तरुणपणी ते शेतकऱ्यांच्या चळवळीत होते, तुरुंगात जाऊन आले होते. तिथल्या गोष्टी ते इतक्या प्रेमानं सांगत की लहानपणी मला वाटायचं, मोठी माणसं शिकायला तिकडंच जातात.

वाद घालायला समोर कुणीतरी लागतं, आणि मी एकुलती एक. त्यामुळं ते काम माझ्याकडं आलं. अण्णांचा एक नियम होता. उत्तर द्यायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडानं मांडायचं, आणि ते इतकं नीट मांडायचं की त्यानं "व्हय, आसंच" म्हटलं पाहिजे. मगच आपली पाळी. या नियमापायी मी लहानपणी कितीदा तरी रडले आहे, पण पुढं कॉलेजात वादविवाद स्पर्धेच्या फिरत्या ढाली घरी आणल्या त्या याच नियमाच्या जोरावर.

एकदा गावातल्या बायकांनी दारूचं दुकान बंद करा म्हणून मोर्चा काढला. अण्णा म्हणाले, "पिणाऱ्याचा घसा, पिणाऱ्याचा पैसा. बायकोला मारलं तर आत टाका. पेला म्हणून नाय." मी म्हणाले, मारल्यावर पोलीस येऊन काय उपयोग, तिनं मार तर खाल्लेला असतो. अण्णा खूश झाले. "मुद्दा चांगला हाय," म्हणाले, आणि मग तासभर त्या मुद्द्याची साल काढली. आज दारू बंद करणारा उद्या तुझं पुस्तक बंद करील, परवा तू कुणाशी लगीन करायचं ते ठरवील, असं ते सांगत गेले. माझं लग्न मी माझ्या मनानं केलं तेव्हा सगळी भावकी एका बाजूला आणि अण्णा एकटे माझ्या बाजूला होते. माणूस बोलायचा तसा वागायचा. म्हणून तर त्यांच्याशी भांडणं अवघड होतं.

दिवाळी झाली की अजिंठ्याकडचे मेंढपाळ आमच्या रानात उतरायचे. खतासाठी आम्ही त्यांच्या मेंढ्या शेतात बसवून घ्यायचो. अण्णा मला त्यांच्याकडं बोट दाखवून म्हणायचे, "बघ. ह्यांना ना परवाना, ना कचेरी. शब्दावर चाललंय सगळं. किती मोकळी मानसं." एकदा माय चुलीपुढून म्हणाली, "त्यांच्या बायकांना इचारलंय का कधी, मोकळं वाटतंय का म्हणून?" अण्णा मनापासून हसले, मीही हसले. मायचं बोलणं आम्ही चटणीसारखं तोंडी लावायचो. वादात ती धरलेली नव्हती.

आमचं गाव देवगाव रंगारीच्या रस्त्याला. वाटण्या झाल्या तेव्हा अण्णा आणि काका या दोघा भावांनी जमीन वाटून घेतली, विहीर मात्र सामाईक ठेवली. पाण्याची पाळी ठरली होती. काही दिवस आमची मोटर, काही दिवस काकांची. लिहिलेलं काहीच नव्हतं. कुणाच्या घरी लग्न असलं, कुणाचं पीक वाळायला लागलं, तर पाळी मागंपुढं व्हायची. हे अण्णांचं लाडकं उदाहरण. "कुठलं सरकार आल्तं पाळी ठरवायला?" असं ते भरसभेत विचारायचे आणि लोक टाळ्या वाजवायचे.

त्या विहिरीवर आमची मोसंबीची बाग होती. रोपं अण्णांनी आणली, पण वाढवली मायनं. अण्णांचे निम्मे दिवस सभांत जायचे. आळी करणं, खोडाला चुना-मोरचूद लावणं, फळ उतरवायला बायका गोळा करणं, सगळं तिच्याकडं. मोसंबीचा बहार धरायचा तर आधी काही आठवडे पाणी तोडावं लागतं, त्याला ताण देणं म्हणतात. ताण किती द्यायचा ते माय पान हातात चुरगाळून ठरवायची. व्यापारी बागेत आला की भाव अण्णा बोलायचे, आणि कुठल्या झाडाला हात लावायचा नाही ते माय सांगायची. त्या बागेत तिचा आवाज वेगळा निघायचा. घरात मी तो कधी ऐकला नाही.

मग दुष्काळाची वर्षं आली. पहिल्या वर्षी पाऊस निम्मा झाला, पुढच्या वर्षी ढग नुसते येऊन गेले. पाळीचे दिवस तेच राहिले, पण मोटर थोडा वेळ चालून हवा ओढायला लागली. मी तेव्हा शहरात एका कॉलेजात शिकवत होते. सुट्टीला गावी गेले की माय आधी बागेत न्यायची. तिनं प्रत्येक झाडाच्या बुडाशी मडकं पुरलं होतं, त्याला बारीक भोक पाडून चिंधीची वात लावली होती. अंघोळीचं, भांड्याचं पाणी ती त्या मडक्यांत आणून ओतायची. पानं आतल्या बाजूला वळली होती. "ताण वेगळा आन् मरान वेगळं," ती म्हणाली. "झाडाला कळतंय ते."

त्या उन्हाळ्यात काकांनी जमिनीतलं पाणी सांगणारा पाणाड्या आणला. तळहातावर नारळ आडवा धरून तो त्यांच्या रानात फिरला, आणि नारळ उभा राहिला तो नेमका आमच्या बांधाला लागून, विहिरीच्या अंगाला. संध्याकाळी काका ओसरीवर येऊन बसले. काका वाईट नव्हते. त्यांचा ऊस गेला होता, जनावरं छावणीत होती, दोन्ही पोरं घरी बसून होती. "अण्णा, बोअर घेतो म्हनतो," ते खाली बघून म्हणाले. "तुमची काय हरकत?"

"तुझं रान हाय," अण्णा म्हणाले. "मी कोन हरकत घेणार?"

माय दारात उभी होती. काकांनी चहा घेतला आणि ते गेले.

बोअर थांबवता येत होती. आमच्या रानाच्या खालच्या अंगाला गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर होती आणि तिच्या जवळपास नवी बोअर घ्यायची नाही असा कायदा होता. गावातल्या चार जाणत्या माणसांनी अण्णांना पारावर बोलावून सांगितलं, भावाभावांच्या मधे आम्हाला पडता येत नाही, तुम्हीच कचेरीत एक अर्ज टाका, मशीन आल्या पावली परत जाईल. तुमची बाग वाचेल आणि गावाचं पाणीही. अण्णा नाही म्हणाले. मला हे फोनवर कळलं आणि मी शनिवारी गाव गाठलं.

त्या दिवशी मला वाद घालायचा नव्हता. मी सरळ म्हणाले, "अण्णा, अर्ज द्या."

"आधी माझं म्हननं मांड."

मला चीड आली, पण लागलेली सवय सुटत नाही. मी मांडलं. तुम्ही जन्मभर सरकारला सांगितलंत की शेतकऱ्याच्या बांधाच्या आत येऊ नको. आता स्वतःची विहीर आटायला लागली म्हणून तुम्हीच त्याला हाताला धरून भावाच्या बांधावर न्यायचं, हे तुम्हाला जमणार नाही. दुसऱ्याच्या मोकळीकीची किंमत आपल्याला मोजावी लागते तेव्हाच कळतं, आपण बोलत होतो ते खरं होतं की नुसतं बोलणं होतं.

"व्हय," अण्णा म्हणाले. "आसंच." त्यांचे डोळे भरून आले होते.

आता माझी पाळी होती. विहिरीतलं पाणी बांध ओळखत नाही, पिण्याच्या पाण्यावर गावाचा हक्क आहे, असं सगळं मला बोलता आलं असतं. वर्गात मी तेच शिकवत होते. पण समोर त्यांचं तोंड बघून मला बोलवेना. त्यांना बाग नको होती असं नाही. ती जाणार हे त्यांना माहीत होतं आणि तरी ते अर्ज देणार नव्हते. आत माय भांडी घासत होती. तिला काय वाटतं ते आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

मशीन आलं, दिवसभर पांढरी धूळ उडाली आणि पाणी लागलं. काकांनी पेढे आणून दिले. महिनाभरात आमच्या विहिरीत मोटरचा फुटबॉल, म्हणजे पाण्यात बुडालेलं पाइपाचं तोंड, उघडा पडला, त्याच्या मागोमाग गावाची विहीर आटली आणि टँकर सुरू झाला. पुढच्या उन्हाळ्यात वरच्या वस्तीवर कुणीतरी आणखी खोल बोअर घेतली आणि काकांचीही आटली. मायनं मडकी भरायची मात्र सोडली नाहीत. टँकरच्या पाण्यातलं एक हंडाभर पाणी ती बागेकडं न्यायची, आणि लोक तिला बोलायचे, माणसांना प्यायला नाही आणि ही झाडांना पाजते.

झाडं तोडायला माणसं आली त्या दिवशी माय घराचं दार लावून आत बसली. कामाच्या वेळेला तिला बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मोसंबीचं लाकूड आतून पिवळसर असतं. ते सरपणाच्या गाडीत भरून गेलं, आणि मी दोघांना शहरात घेऊन आले.

आमचं घर गुंठेवारीतलं. शेतं गुंठ्यागुंठ्यानं विकली गेली आणि लोकांनी परवानगीबिरवानगी न बघता घरं बांधली, तशा वस्तीतलं. अण्णांना वस्ती फार आवडली. "बघ, सरकार झोपलं होतं आन् लोकांनी गाव वसवलं," ते म्हणायचे. मी म्हणायचे, म्हणून तर ड्रेनेज नाही, नळ नाही, टँकर गल्लीत वळत नाही. "व्हईल हळूहळू," अण्णा म्हणायचे. शहर खरंच हळूहळू आमच्या पलीकडं निघून गेलं. मोठ्या रस्त्याला गाड्यांच्या शोरूम झाल्या, मंगल कार्यालयं झाली, आणि आम्ही ड्रम मांडून टँकरची वाट बघत राहिलो.

बोलायला माणूस हवा म्हणून अण्णा बसनं गुलमंडीच्या बाजारात जायचे आणि एका कापडाच्या दुकानाच्या पायरीवर बसायचे. तिथं त्यांना जोडीदार भेटला. पाणीपुरवठ्याच्या नोकरीतून रिटायर झालेले, सगळे त्यांना मामू म्हणत. रविवारी मामू आमच्याकडं यायचे. "भाऊ, सरकार नक्को बोलते तुम," ते म्हणायचे, "आन् टँकर नै आला तो सबसे पैले तुमीच फोन लावते." अण्णा हसायचे, पण मागं हटायचे नाहीत. मामूंच्या समोर ते पुन्हा पहिल्यासारखे दिसायचे, आणि मला बरं वाटायचं.

मामूंपाशी अण्णांची एक गोष्ट ठरलेली होती. बोअरची. कायदा आपल्या बाजूनं होता, नुसता एक अर्ज द्यायचा होता, सख्ख्या भावाची बोअर बंद पडली असती, पण नाही दिला. बाग गेली, शब्द गेला नाही. मामूंना मुद्दा मान्य नसला तरी गोष्ट आवडायची. ते दरवेळी "वा" म्हणायचे. एका रविवारी अण्णांनी ती पुन्हा सांगितली. माय चहा ठेवून आत निघाली होती, ती थांबली.

"मी गेल्ते," ती म्हणाली.

"कुठं?" अण्णांनी विचारलं.

"कचेरीत. अर्ज द्यायला."

अण्णा तेव्हा कुठल्याशा सभेला गेले होते. माय एकटी एसटीनं तालुक्याला गेली, झेरॉक्सच्या दुकानात एकाकडून अर्ज लिहून घेतला आणि कचेरीत दिला. तिथल्या माणसानं विचारलं, जमीन कुणाच्या नावावर? ती म्हणाली, मालकांच्या. तो म्हणाला, मग त्यांना पाठवा, तुमच्या अर्जावर आम्हाला काही करता येत नाही. ती म्हणाली, झाडं मी वाढवलीत. तो म्हणाला, असतील बाई, पण सातबारा कुठंय तुमचा? हे सगळं मायनं उभ्या उभ्या सांगितलं. कुणाबद्दल तिच्या आवाजात राग नव्हता. "त्यानं प्यायला पानी दिलं," ती म्हणाली. "चांगला होता मानूस."

"मला का नाय सांगितलं?" अण्णा म्हणाले.

"सांगून काय. तुमी समजावून सांगितलं असतं."

"मग?"

"मग मला पटलं असतं. तुमचं समदंच पटतंय, पयल्यापासून." माय जरा थांबली. "तवा मला पटवून घ्यायचं नव्हतं."

मामूंनी कप खाली ठेवला, काहीतरी काम आठवल्यासारखं केलं आणि ते निघून गेले. आमच्या घरात वादाला दोन बाजू असतात असं आम्ही किती वर्षं धरून चाललो होतो, आणि तिसरं माणूस एसटीच्या खिडकीशी बसून एकटंच कचेरीत जाऊन एकटंच परत आलं होतं. सरकारनं तिला मालकाकडं परत धाडलं होतं. आणि मालक तर मोकळीकीवर भाषण द्यायला गेला होता.

अण्णा काही दिवस जेवायला बसले की मान वर करायचे नाहीत. मग ते गावी जायला लागले. चळवळीतल्या काही जणांनी फार पूर्वी बायकांच्या नावावर जमिनी केल्या होत्या. अण्णांनी त्यावर सुंदर भाषण केलं होतं, नुसतं भाषणच. आता त्यांनी बक्षीसपत्र करून सगळी जमीन मायच्या नावावर केली. फेरफाराची नोंद व्हावी म्हणून, ज्या कचेऱ्यांना त्यांनी जन्मभर शिव्या घातल्या, त्यांच्या बाकांवर टोपी मांडीवर घेऊन बसले. नवा सातबारा आणून त्यांनी मायच्या पुढं ठेवला. "आता तू मालक. तुला वाटंल ते कर."

"काय करू त्याचं आता?" माय म्हणाली.

तोवर पाऊस बरा झाला होता. विहिरीला पाणी आलं होतं. अण्णांच्या मनात काय होतं ते मला माहीत होतं. रोपवाटिकेत त्यांनी मोसंबीच्या कलमांची चौकशी करून ठेवली होती. माय आठवडाभर रोजची कामं करत राहिली. मग एका सकाळी ज्वारी निवडता निवडता म्हणाली, "इकून टाकायची."

अण्णांनी तिच्याकडं पाहिलं.

"परत लावायची, परत वाढवायची," ती म्हणाली, "आन् परत कुनीतरी ठरवायचं. नको."

रस्ता रुंद झाल्यापासून तिकडं प्लॉटवाले फिरत होते, गिऱ्हाईक लगेच मिळणार होतं. अण्णांचं तोंड उघडलं. त्यांचा एकेक मुद्दा मला दिसत होता. पाऊस आलाय, विहीर भरलीय, आता कुणी मधे येणार नाही, एकदा गेलेली जमीन परत येत नाही. सगळे मुद्दे खरे होते. हा वाद ते जिंकले असते, आणि मायला पुन्हा पटलं असतं. मी वाट बघत राहिले. मनातून मला ते बोलावेत असंही वाटत होतं, कारण ती जमीन माझीही आठवण होती. अण्णांनी तोंड मिटलं. "कधी जायचं?" त्यांनी विचारलं.

रजिस्ट्रीच्या दिवशी मायनं सावकाश, अक्षर अक्षर काढत सही केली. अण्णा शेजारी उभे राहून कागद हलू नये म्हणून कोपरा धरून होते.

त्यानंतर अण्णांनी वाद घालायचं सोडलं. भांडून सोडलं नाही, रुसूनही नाही. मी मुद्दाम पेपर वाचून दाखवायचे, "अण्णा, पुन्हा कांद्याची निर्यात बंद केली बघा." ते म्हणायचे, "आसंल." मामू येऊन चढ्या आवाजात म्हणायचे, सरकार होनाच. अण्णा त्यांच्यापुढं चहा सरकवायचे. हळूहळू मामूंचं येणं कमी झालं. मला वाटलं होतं, मायच्या मनासारखं एकदा तरी झालं म्हणून मला हायसं वाटेल. तसं वाटलं नाही. घरात कुणी गेल्यासारखं वाटत राहिलं.

एका दुपारी जेवणं चालली होती. कुणी काही बोलत नव्हतं, टँकर आल्याचा गलका तेवढा गल्लीतून येत होता. मायलाच ते सहन झालं नसावं. "बोला की कायतरी," ती म्हणाली.

अण्णांनी घास ताटात ठेवला. "तू बोल," ते म्हणाले. "मी ऐकतो."

ते खरंच वाट बघत होते. माय पदराला हात पुसत उभी राहिली, एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं. तिला काही सुचलं नाही.